ट्रॅकवर जाऊन त्याच गाडीने घरी यायचे आहे: व्हर्टस जीटी तयार करण्याचा क्रम

चालकासह साडेतेराशे किलोची गाडी ताशी १६० वरून ८० वर आणली की साधारण दहा लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते. तेवढ्यात तीन लिटर पाणी उकळते. घरच्या गॅसवर त्याला पंधरा मिनिटे लागतात, इथे सगळे अडीच-तीन सेकंदांत होते. एका फेरीत असे तीनच ब्रेक धरले, तरी सात फेऱ्यांच्या एका सत्रात त्रेसष्ट लिटरचा बंब उकळून निघाला. आणि हा बंब पेटतो कुठे, तर बहुतांशी पुढच्या दोन डिस्कवर.

हा हिशेब आधी मांडला, कारण गाडी 'बनवायला' घेणाऱ्या दहापैकी आठ जण सुरुवात रीमॅप (इंजिनाच्या संगणकाचे सॉफ्टवेअर बदलणे) आणि सायलेन्सरपासून करतात. रस्त्यावरची गाडी ट्रॅकवर हरते ती उष्णतेपुढे. आधी ब्रेक तापतात, मग टायर, मग तेल, मग इंजिनात जाणारी हवा. ज्या क्रमाने गाडी तापते त्याच क्रमाने पैसे खर्च करावेत. या लेखातला क्रम तोच आहे.

उदाहरणाला फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घेतली आहे, १.५ टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. १४९८ सीसी, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर. गाडी चाकणच्या कारखान्यात तयार होते, सुटे भाग मिळतात, आणि रोज ऑफिसला नेता येते. स्कोडाची स्लाव्हिया १.५ असेल तर जवळपास सगळे जसेच्या तसे लागू पडते. होंडा सिटी किंवा जुनी व्हेंटो असली तरी क्रम हाच, आकडे बदलतील.

आधी एक दिवस, काहीही न बदलता

एकही भाग विकत घेण्याआधी कंपनीतून आली तशी गाडी एकदा ट्रॅकवर नेऊन आणा. पुण्या-मुंबईकडच्यांना मावळातला नानोलीचा ट्रॅक जवळ आहे. दक्षिणेत कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे आहे आणि चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचे ३.७१७ किलोमीटरचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट. चेन्नईला पुण्याहून जायचे तर एका बाजूने बाराशे किलोमीटर. परतीचे बाराशेही त्याच पॅडवर आणि त्याच टायरवर काढायचे असतात, हे डोक्यात असू द्या.

माझा पहिला दिवस चौथ्या फेरीत संपला. वळणाआधी पेडल दाबले आणि पाय जवळपास जमिनीला टेकला. दोनदा पंप केल्यावर ब्रेक लागले, गाडी गवतात जाऊन थांबली. गाडीला ओरखडाही नाही, माझे पाय मात्र अर्धा तास थरथरत होते. ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा जोर चाकांपर्यंत नेणारा द्रव, दोन वर्षांचे होते, बाकी काही नाही.

त्या दिवशी दोन प्रकारचे ब्रेक जाणे वेगळे ओळखायला शिका. पेडल कडक आहे, पूर्ण जोर लावलाय, पण गाडी थांबत नाही: पॅड, म्हणजे डिस्कवर घासणाऱ्या पट्ट्या, त्यांच्या तापमानाच्या मर्यादेपलीकडे गेलेत. पेडल मऊ पडते, स्पंजसारखे लागते, खाली जाते: फ्लुइड उकळले, त्यात वाफेचे बुडबुडे झाले आणि तुमचा पाय आता ते बुडबुडे दाबतोय. पहिल्यावर उपाय पॅड, दुसऱ्यावर फ्लुइड. पहिल्या रोगावर दुसरे औषध देण्यात पुष्कळांचे पैसे जातात.

ब्रेक

फ्लुइडपासून सुरू करा. डॉट ४ या प्रतीच्या फ्लुइडला नव्या अवस्थेत किमान २३० अंश सेल्सिअस उत्कलनबिंदू लागतो, पण ते हवेतले पाणी शोषते, आणि साधारण ३.७ टक्के पाणी मुरले की हा किमान आकडा १५५ वर येतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर चार महिन्यांचा पावसाळा हे काम आनंदाने करतो. डॉट ५.१ चे किमान आकडे २६० आणि १८०. मोट्यूल आरबीएफ ६०० सारखे रेसिंग फ्लुइड नवे असताना ३०० च्या वर उकळते. रोजच्या गाडीला तेही चालते, फक्त दर वर्षी बदलायचे, शक्यतो पावसाळा संपल्यावर, हंगामाच्या तोंडावर. डॉट ५ नावाचे सिलिकॉन फ्लुइड वेगळे प्रकरण आहे. ते यात कधीही मिसळू नका. डब्यावरचा '५' आणि '५.१' नीट वाचा. उघडलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, झाकण घट्ट लावले तरीही.

बदलताना फक्त वरची टाकी रिकामी करून भरणारे लोक आहेत. चारही चाकांच्या ब्लीडरमधून (फ्लुइड बाहेर सोडायच्या स्क्रूमधून) जुने फ्लुइड निघून नवे दिसेपर्यंत काम व्हायला हवे. समोर उभे राहून करून घ्या.

मग पुढचे पॅड. इथे मोह होतो तो सगळ्यात 'गरम' पॅड घेण्याचा. शुद्ध रेसिंग पॅड थंड असताना चावतच नाही. सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर रिक्षा आडवी आली की त्याची किंमत कळते. फेरोडो डीएस२५०० किंवा ईबीसी यलोस्टफ या जातीचे, रस्ता आणि ट्रॅक दोन्हीकडे चालणारे कंपाउंड (पॅडचे मिश्रण) घ्या. चाके काळी होतील, सिग्नलला थांबताना चीं-चीं आवाज येईल. तेवढे सोसावे लागते. आपल्या कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचा) नेमका पार्ट नंबर जुळवूनच मागवा, 'पोलोचे बसतात' या भरवशावर राहू नका.

नवे पॅड बसवल्यावर त्यांना बसू द्यायला हवे. रिकाम्या रस्त्यावर ताशी ९०-१०० वरून १०-१५ पर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा वेग उतरवा. पूर्ण थांबायचे नाही. थांबलात तर तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरते. लोक म्हणतात डिस्क वाकली, बहुतेक वेळा वाकलेली नसते. शेवटी दहा मिनिटे ब्रेक न वापरता गाडी फिरवून थंड करा.

मागे ड्रम आहेत आणि त्यावरून पुष्कळ नाके मुरडली जातात. जोरात ब्रेक लावताना वजन पुढे येते, मागच्या चाकांवर काम थोडेच उरते. ड्रम काढून डिस्क लावण्याचा खर्च या गाडीत कुठेच वसूल होत नाही. लायनर तपासा, साफ करा, विसरा. मोठ्या कॅलिपरचे किटही आत्ता नको. चांगले फ्लुइड आणि पॅड घालूनही पंधरा मिनिटांच्या सत्रात ब्रेक जात असतील, तर आधी आपण वळणावर किती लांबून आणि किती वेळ ब्रेक घासतो ते तपासावे. कमी वेळ, पण जोरात दाबलेला ब्रेक कमी तापतो, कारण मधल्या सरळ पट्ट्यात त्याला निवायला वेळ मिळतो.

टायर आणि त्यातली हवा

मूळ माप २०५/५५ आर१६. त्याचा बाहेरचा व्यास ६३२ मिलिमीटर. १७ इंची रिमवर २२५/४५ घातला तर ६३४, म्हणजे स्पीडोमीटरला फरक कळणार नाही. १६ इंचीवरच २२५/५० घेतला तर ६३१. दिसायला १७ सुंदर, पण टायरच्या भिंतीची उंची ११३ वरून १०१ मिलिमीटरवर येते. नगर रस्त्यावरचा एक पावसाळी खड्डा आणि नवे अलॉय, यांची गाठ पडली की काय होते ते सांगायला नको. मी १६ वरच राहिलो आहे. एकच गाडी दोन कामांना वापरायची असेल तर तुम्हीही राहा असे सुचवेन.

पैसे मापावर घालवण्यापेक्षा रबरावर घालवा. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ सारखा चांगला रोड टायर पहिल्या दोन वर्षांना पुरतो. टायरच्या कडेला ट्रेडवेअरचा आकडा असतो: ४०० च्या आसपासचा टायर टिकतो, २०० चा चिकटतो आणि लवकर संपतो. हा आकडा कंपनीगणिक वेगळा मोजला जातो, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावर करू नका. जून २०२० पासून टायरची आयात निर्बंधित यादीत आहे, म्हणून परदेशी लोक ज्या टायरची स्तुती करतात तो आपल्या मापात मिळेलच असे नाही. आधी दुकानात विचारा, मग रिम घ्या. भार आणि वेगाचा कोड मूळ टायरपेक्षा खालचा नको. ९१व्ही म्हणजे एका टायरवर ६१५ किलो आणि ताशी २४० किलोमीटर.

हवेचा खेळ मात्र फुकट आहे आणि त्यातच सगळ्यात जास्त फरक पडतो. टायर तापला की आतली हवा फुगते. ३२ पीएसआय हवा ३० अंशांना भरली आणि टायर ७० अंशांना पोचला, तर दाब ३८ होतो. दर १० अंशांना साधारण दीड पीएसआय, हे लक्षात ठेवा. म्हणून ट्रॅकवर थंड दाबाला अर्थ नसतो, गरम दाबाला असतो. पहिल्या सत्रानंतर पिटमध्ये (ट्रॅकलगत गाड्या थांबवायच्या जागेत) येऊन लगेच, टायर निवायच्या आत, स्वतःच्या गेजने मोजा. पुढे गरम असताना ३५-३६ ला सुरुवात करा, जास्त असेल तेवढी हवा सोडा, पुन्हा जा. टायरच्या खांद्यावर छोटा बाण किंवा त्रिकोण कोरलेला असतो. तिथवर, पण त्याच्या पलीकडे नाही, अशी घासल्याची खूण हवी. कडा बाणाच्या पलीकडे घासली तर हवा कमी आहे किंवा कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकलेला असणे) कमी आहे. खूण बाणापर्यंत पोचलीच नाही तर हवा जास्त. खडूने खांद्यावर रेघ मारून ठेवली की हे आंधळ्यालाही दिसते.

पेट्रोल पंपावरच्या गेजवर विश्वास ठेवू नका. दोन पंपांचे गेज आपसांत तीन-तीन पीएसआयने भांडतात. एक चांगला हातातला गेज, आणि वही. प्रत्येक सत्राला थंड दाब, गरम दाब, हवामान. सहा महिन्यांनी ही वही कुठल्याही ट्यूनरपेक्षा जास्त सांगते.

अलाइनमेंट, मग सस्पेन्शन

पुढच्या चाकांनी चालणारी गाडी वळणावर नाक बाहेर काढते. पुढच्या बाहेरच्या टायरवर सगळा भार, त्यात गाडी कलली की टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. उपाय म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर, चाकाचा माथा आत झुकवणे. रस्त्यासाठी-ट्रॅकसाठी मिळून उणे दीड ते उणे दोन अंश पुढे पुरेत. टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असणे, शून्याच्या जवळ ठेवा. टो जास्त दिला की हायवेवर टायर आतून खाल्ले जातात, आणि दोष लोक कॅम्बरला देतात.

पण इथे एक मेख आहे. बाजारात मिळणारे कॅम्बर बोल्ट ज्या गाड्यांत शॉकअप नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी जोडलेला असतो तिथे चालतात. फोक्सवॅगनच्या बहुतेक गाड्यांत शॉकअप नकलच्या कड्यात बसतो आणि एका बोल्टने आवळला जातो. तिथे कॅम्बर वरून, म्हणजे कॅम्बर प्लेटने मिळवावा लागतो, आणि कॅम्बर प्लेट म्हणजे रबराच्या जागी धातूचा बेअरिंग: खडखड आलीच. गाडी जॅकवर चढवून स्वतः खाली डोकावा, मग काय मागवायचे ते ठरवा. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारी एकच तुळई) आहे, तिथे काही फिरवून बदलत नाही. हवे तर हबमागे शिम (पातळ चकत्या) घालतात. पहिल्या वर्षी मागे हात लावायची गरज नाही.

गाडी किती खाली आणायची? कंपनीने क्लिअरन्स १७९ मिलिमीटर सांगितला आहे. २०-२५ मिलिमीटर खाली आणली तर गतिरोधकांवर तिरकी घालत निभावते. त्याहून खाली गेलात की पुढच्या सस्पेन्शनचे हात उलट्या कोनात जातात, गाडी दिसते खाली पण वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलू शकते, आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळवळते. फक्त स्प्रिंग कापून आणणाऱ्यांच्या वाटेला तर जाऊच नका. स्प्रिंग कडक घातली तर शॉकअपही तिला सांभाळणारा हवा; जोडीच घ्या. स्वस्त कॉइलओव्हरपेक्षा (उंची फिरवून बदलता येणाऱ्या शॉकअप-स्प्रिंगपेक्षा) चांगले स्थिर उंचीचे शॉकअप-स्प्रिंग केव्हाही बरे. पावसात एक वर्ष काढल्यावर स्वस्त कॉइलओव्हरचे आटे गंजून फिरेनासे होतात, मग 'ॲडजस्टेबल' हा शब्द बिलावरच उरतो.

इंजिन

आधी पाहा, मग बदला. ओबीडीचे (गाडीच्या संगणकाची माहिती वाचणारे) छोटे उपकरण लावून फोनवर कूलंट, तेल आणि इंजिनात जाणारी हवा यांचे तापमान नोंदवा. फेऱ्यांगणिक आत जाणारी हवा तापत गेली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्वतःच इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा टाकतो) आणि गाडी मंदावते. चेन्नईत मे महिन्यात हे तिसऱ्या फेरीला कळते. तेल हँडबुकात सांगितलेल्या मानकाचेच, पातळी वरच्या खुणेला, आणि ट्रॅकच्या आधी पाच हजार किलोमीटरपेक्षा जुने नको. लांब वळणांत तेल एका बाजूला जाते. पातळी कमी असली तर पंपाला हवा मिळते.

आता रीमॅप. १.५ टीएसआय सॉफ्टवेअरने १८० पीएसच्या आसपास जाते, मजा येते, खोटे कशाला बोलू. पण सात गिअरच्या डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकची) गाडी असेल तर थांबा. त्यात डीक्यू२०० हा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स आहे आणि त्याची मर्यादाच २५० न्यूटन मीटर आहे. कंपनीने इंजिन आधीच त्या काठावर आणून ठेवले आहे. वर पन्नास-साठ न्यूटन मीटर टाकून ट्रॅकवर तापवणे म्हणजे गिअरबॉक्सचे आयुष्य आगाऊ खर्च करणे. मॅन्युअलमध्ये मूळ क्लच घसरायला लागेल, तोही खर्च धरून चाला. वॉरंटीत गाडी असेल तर वर्कशॉपच्या संगणकाला बदललेले सॉफ्टवेअर कळते. आणि रीमॅप ९५ ऑक्टेनसाठी केला असेल तर टाकीत कायम तेच जायला हवे; सोलापूर ओलांडल्यावर पुढच्या पंपावर ते मिळेल का, हा प्रश्न निघायच्या आधी विचारा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे, सायलेन्सर रिकामा करणे: नको. टर्बो गाडीत मिळते थोडे आणि जाते पुष्कळ.

सीट, पट्टे, पिंजरा

रोजच्या गाडीत रोल केज घालू नका. हेल्मेटशिवाय डोके त्या नळीजवळ असणे ट्रॅकपेक्षा धोक्याचे आहे. चार टोकांचे पट्टेही कंपनीच्या सीटवर नकोत. मूळ पट्टा आणि एअरबॅग एकमेकांना धरून आखलेले असतात. पट्टा एकदा झटक्याने ओढून लॉक करा, मग सीट मागे सरकवून ताण द्या. बास.

कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि धुरासाठी कलम १९० वेगळे. पॅड, फ्लुइड, मूळ मापाचे टायर यांची कुणाला हरकत नसते. रुंद टायर, खाली आणलेली गाडी आणि रीमॅप यांच्याबाबत आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून घ्या. विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर बिल तुमचे, असे धरूनच जा. तेवढे पैसे बुडणे परवडत नसेल त्या दिवशी घरी थांबा.

त्या दिवशी

आदल्या रात्री पुढच्या पॅडची जाडी मोजा. निम्म्याच्या खाली असेल तर नवे घाला, जुने सोबत ठेवा. डिकी रिकामी करा, पायाखालची मॅट काढा. टोइंग हुक जागेवर आहे का आणि बसतो का ते घरीच पाहा. फोक्सवॅगनमध्ये त्याचे आटे बहुधा उलटे असतात, ट्रॅकवर घाईत हे आठवत नाही. सोबत टॉर्क रेंच, गेज, फ्लुइड, एक लिटर तेल, हेल्मेट, दोन मोठे दगड किंवा लाकडी गुटके, आणि भरपूर पाणी. पाणी स्वतःसाठी.

पहिली फेरी हळू. मग चार-पाच जोरात. पेडलचा प्रवास आदल्या वळणापेक्षा लांबला असे वाटले की त्याच फेरीत वेग सोडा, पुढचे वळण 'बघू' म्हणून घेऊ नका. शेवटची फेरी ब्रेकला शक्यतो हात न लावता. पिटमध्ये आलात की हँडब्रेक ओढायचा नाही. गिअरमध्ये टाका, चाकाखाली गुटका लावा. इंजिन मिनिट-दोन मिनिटे चालू ठेवा म्हणजे टर्बोतले तेल फिरत राहील. चाके निवल्यावर बोल्ट १२० न्यूटन मीटरला पुन्हा आवळा, विशेषतः पहिल्या सत्रानंतर.

दिवसाला चार सत्रे पुरे. पाचव्याला माणूस दमलेला असतो आणि आपण ताजे आहोत असे त्याला वाटत असते. दुपारी तीननंतरच्या माझ्या वहीतल्या वेळा सकाळपेक्षा कायम वाईट आहेत आणि टायरवर त्याचा पूर्ण दोष देता येत नाही.

निघण्याआधी तासभर गाडी उभी राहू द्या. टायर निवले की सोडलेली हवा परत भरा, कारण तुमचे ३६ आता २९-३० वर आलेले असतील आणि माणसे-सामान घेऊन हायवेला तेवढी हवा कमी पडते. चाकातून आत बॅटरी मारून पॅड पाहा, टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा, खाली तेलाचा थेंब आहे का बघा. पहिले दहा किलोमीटर रेडिओ बंद ठेवून चालवा.